‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण गिऱ्हाईक म्हणतं मिळालं नाही: पुरावा नेमका कशाला म्हणायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. येवल्याहून बंगळूरला १६,५०० रुपयांची हातमागाची पैठणी खासगी कुरियरने पाठवली. पैसे कार्डाने, पेमेंट गेटवेमार्फत (कार्डाचे पैसे विक्रेत्याकडे पोचवणारी कंपनी) आले. चौथ्या दिवशी कुरियरच्या साइटवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं. महिन्याभराने त्या बाईंनी आपल्या बँकेत तक्रार केली की साडी मिळालीच नाही. गेटवेने तेवढी रक्कम अडकवून ठेवली आणि सात दिवसांत उत्तर मागितलं, त्यातले दोन दिवस गेले. तुमचं विचारणं असं, की इथून पुढे प्रत्येक पार्सलला डिलिव्हरी कन्फर्मेशन, म्हणजे पोचल्याची पक्की पोच, घेतलं तर हे टळेल का, आणि आत्ताच्या पैशांचं काय करायचं.

मी पुण्यात तांब्या-पितळेची भांडी ऑनलाइन विकते. माल तांबट आळीतल्या कारागिरांकडून घडवून घेते. सुरुवात २०११ साली ईबे इंडियावर केली, ते २०१८ मध्ये बंद झाल्यापासून स्वतःची वेबसाइट आणि व्हॉट्सॲप. एवढ्या वर्षांत ‘मिळालं नाही’ ह्या तक्रारी बऱ्याच आल्या. काहींत पैसे परत मिळाले, काहींत गेले. गेले त्यातल्या बहुतेक वेळा पार्सल खरोखर पोचलेलं होतं, मला ते दाखवता आलं नाही.

तुमची खरी अडचण इथेच आहे. पार्सल पोचलं की नाही, हा तुमच्या आणि त्या बाईंच्या मधला प्रश्न. बँकेत बसलेल्या माणसापुढे वेगळाच प्रश्न असतो. त्याला तुम्ही माहीत नाही, त्या माहीत नाहीत, पैठणी म्हणजे काय हेही कदाचित माहीत नाही. त्याच्यापुढे चार कागद येतात. ज्या ऑर्डरचे पैसे कापले तीच वस्तू, गिऱ्हाइकाने दिलेल्याच पत्त्यावर, अमुक तारखेला, अमुक माणसाने घेतली, एवढं त्याला त्या कागदांवरून जोडता आलं पाहिजे. मधला एक सांधा निखळला तरी तो निकाल कार्डधारकाच्या बाजूने देतो. साइटवरचा ‘डिलिव्हर्ड’ हा शब्द ह्यातली फक्त तारीख सांगतो. तो शब्द डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने मोबाइलवर बटण दाबलं की उमटतो. संध्याकाळी बॅगेतला माल संपलेला दाखवायचा असतो म्हणून दाराशी न जाता दाबलेली बटणंही मी पाहिली आहेत.

आधी तक्रार कुठल्या जातीची आहे ते ओळखा. कार्डाच्या तक्रारी साधारण तीन तऱ्हेच्या असतात: वस्तू मिळाली नाही, मिळाली, पण सांगितल्यासारखी नाही किंवा खराब निघाली, आणि हा व्यवहार मी केलाच नाही. व्हिसा ह्या कार्ड कंपनीच्या नियमांत पहिलीचा क्रमांक १३.१ आणि दुसरीचा १३.३ असतो. गेटवेच्या मेलमध्ये असा आकडा असेल तर तो आधी बघा, कारण उत्तर त्या आकड्याला द्यायचं असतं. डिलिव्हरीचा पुरावा पहिल्या तक्रारीत सगळ्यात मोठं हत्यार. तिसऱ्या तक्रारीत त्याची थोडी मदत होते. दुसऱ्या तक्रारीत तो जवळजवळ निरुपयोगी, उलट ‘हो, पोचलं, पण काय पोचलं?’ हा प्रश्न तोच उभा करतो. तुमची तक्रार पहिल्या जातीची आहे, म्हणून लढण्यासारखी आहे.

आता पुरावा कशाचा किती चालतो ते माझ्या अनुभवातून सांगते. नुसतं स्टेटस सगळ्यात दुबळं. त्यावर घेणाऱ्याचं नाव आणि सही असेल, ज्याला कुरियरवाले पीओडी म्हणतात, तर बरंच बळ येतं. दाराशी काढलेला फोटो असेल आणि त्यात घराचा नंबर दिसत असेल तर आणखी. ओटीपी घेऊन दिलेलं पार्सल माझ्या मते सगळ्यात भक्कम, कारण कोड गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर गेलेला असतो आणि तो नंबर ऑर्डरमध्येही असतो, म्हणजे सांधा आपोआप जुळतो. तरी त्यातही एक फट आहे. डिलिव्हरीचा मुलगा गल्लीच्या तोंडावरून फोन करतो, ‘मॅडम, ओटीपी सांगा, खाली वॉचमनकडे देतो.’ गिऱ्हाईक सांगून मोकळं होतं आणि पार्सल गेटवरून गायब होतं. म्हणून पाठवायच्या दिवशीच माझा मेसेज जातो: ‘पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नका.’ एवढ्या एका ओळीने दोघांचंही रक्षण होतं. पुढे वाद झालाच तर तुम्ही काळजी घेतली होती हेही त्याच मेसेजवरून दिसतं.

वॉचमनच्या सहीबद्दल लोक फार विचारतात. मोठ्या सोसायट्यांत कुरियरवाल्याला वर सोडतच नाहीत, मग सही वॉचमनची असणारच. माझ्या बाबतीत अशी सही दोनदा चालली, कारण पत्ता तंतोतंत तोच होता आणि सहीबरोबर सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरचा फोटोही मिळाला. एकदा नाही चालली. तिथे पीओडीवर नुसतं ‘सिक्युरिटी’ लिहिलं होतं, नाव नाही, वेळ नाही.

पोस्टाचं थोडं वेगळं आहे आणि २०२५ मध्ये बदललंय, म्हणून सविस्तर लिहिते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. ‘रजिस्टर्ड बंद झालं’ असं सगळे म्हणतात, पण ती सोय उरली आहे, स्पीड पोस्टावरची जादा सेवा म्हणून. आणि दोन्हींतला फरक आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचा आहे. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो असेल त्याला देता येतं. ‘रजिस्ट्रेशन’ घेतलं की ते ज्याच्या नावाने आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं असतं. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरपत्रकात ह्या सेवेचे ५ रुपये आणि वर जीएसटी. ओटीपी डिलिव्हरीचेही तेवढेच. १६,००० च्या साडीवर दहा-बारा रुपये. काउंटरवर आपणहून मागावं लागतं, आणि पावतीवर ते छापून आलंय का हे तिथेच उभं राहून वाचायचं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कन्फर्मेशन म्हणजे विमा नाही. स्पीड पोस्टाचं पार्सल हरवलं तर साधी भरपाई डाकखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. तुमच्या पैठणीला ती कुठे पुरणार! म्हणून ५,००० च्या वरच्या मालाला मी विमा उतरवतेच. खासगी कुरियरलाही पावतीच्या मागे बारीक अक्षरात जबाबदारीची मर्यादा छापलेली असते, ती एकदा भिंगाने का होईना, पण वाचा.

आता ज्या प्रकरणामुळे मी पुराव्यांच्या बाबतीत इतकी काटेकोर झाले, ते सांगते. २०१६ साली तांब्याचा एक बंब हैदराबादला पाठवला होता, ११,००० चा. एवढं वजनदार पार्सल, कुरियर ओळखीचं, स्टेटस ‘डिलिव्हर्ड’. मी निर्धास्त. तक्रार आली तब्बल साडेतीन महिन्यांनी. तेव्हा पीओडी मागितली तर कुरियरच्या ऑफिसातून उत्तर आलं, एवढ्या जुन्या पार्सलची प्रत आता निघत नाही. माझ्याकडे स्टेटसचा स्क्रीनशॉटही नव्हता आणि साइटवरून नंबर निघून गेलेला. पैसे गेले. कारागिराची मजुरी मी आधीच चुकती केली होती, त्यामुळे ती झळ सगळी घरावर आली.

तेव्हापासून एक नियम आहे: पुरावा तक्रार आल्यावर शोधायचा नसतो, डिलिव्हरी झाली त्याच आठवड्यात घरी आणून ठेवायचा असतो. दर रविवारी संध्याकाळी मी त्या आठवड्यात पोचलेल्या सगळ्या पार्सलची पीओडी उतरवून घेते, ट्रॅकिंगचं पान पीडीएफ करून ठेवते, आणि ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये टाकते. चाळीस पार्सल असली तरी तासाभराचं काम. मुदती बघितल्या म्हणजे ह्याचं कारण कळेल. कार्डाच्या तक्रारीला ढोबळमानाने १२० दिवस मिळतात, आणि वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीत ते डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासूनही मोजले जातात. पेपॅलवर (परदेशी गिऱ्हाइकं ज्यातून ऑनलाइन पैसे भरतात ती सेवा) १८० दिवस. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं. मी सगळं तीन वर्षं ठेवते.

पत्त्याच्या सांध्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण साडी-दागिने विकणाऱ्या बायका इथेच फसतात. पैसे भरून झाल्यावर गिऱ्हाईक चॅटवर लिहितं, ‘ताई, घरी कोणी नसतं, बहिणीच्या पत्त्यावर पाठवाल का?’ आपण माणुसकीने हो म्हणतो. मग पीओडीवर बहिणीचा पत्ता, ऑर्डरवर हिचा, आणि बँकेतला माणूस म्हणतो की वस्तू भलतीकडेच गेली. पेपॅलचा तर नियमच आहे की विक्रेत्याला संरक्षण हवं असेल तर व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे त्यावरच पाठवायचं. मी अशा वेळी गोड बोलून ऑर्डर रद्द करते, पैसे परत पाठवते आणि नव्या पत्त्याने परत ऑर्डर करायला सांगते. काही गिऱ्हाइकं कंटाळतात. एक-दोन गेलीही. पण हा नियम मी नातेवाइकांनासुद्धा मोडू देत नाही.

परदेशी ऑर्डरीत आणखी एक आकडा ध्यानात असू द्या. पेपॅल आणि ईबे दोन्हीकडे ७५० डॉलर किंवा त्यावरच्या ऑर्डरीला नुसतं ‘डिलिव्हर्ड’ चालत नाही, सहीची पोच लागते. न्यू जर्सी, टेक्सासातली मराठी घरं गणपतीच्या आधी माझ्याकडून कलश, ताम्हण, समया मागवतात, कधी कधी चार घरांची मिळून एकच ऑर्डर येते आणि रक्कम त्या आकड्यापलीकडे जाते. तेव्हा सहीची सेवा घ्यायचीच. आणि पोचण्याची तारीख सैल सांगायची. २०२५ च्या ऑगस्टअखेर टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. त्या दिवसांत ज्यांनी ‘दहा दिवसांत मिळेल’ असं लिहून ठेवलं होतं त्यांची पंचाईत झाली.

‘पोचलं, पण वेगळंच निघालं’ ह्या दुसऱ्या तक्रारीसाठी वजन हा तुमचा साक्षीदार. बुकिंगच्या पावतीवर वजन छापलेलं असतं. मी पार्सल बंद केल्यावर घरच्या डिजिटल काट्यावर ठेवून, लेबल आणि आकडा दोन्ही दिसतील असा फोटो काढते. घरचा आकडा, पावतीवरचा आकडा आणि परत आलेल्या पार्सलचा आकडा जुळतात का, हे पाहिलं की खोक्यातून काय गेलं आणि काय आलं ते बरंचसं उलगडतं. पैठणीचं काम तर माझ्यापेक्षा सोपं आहे. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल लावत असाल तर प्रत्येकावर स्वतंत्र क्रमांक असतो. पदर, काठाची उलटी बाजू आणि तो क्रमांक एकाच सलग व्हिडिओत घ्या, न थांबवता साडी खोक्यात ठेवा, टेप लावा, लेबल दाखवा. आणि लेबल काढलं असेल तर परत घेणार नाही, हे विक्रीच्या पानावर आधीच लिहा. दुसरीच साडी परत पाठवण्याचे प्रकार ह्यानेच थांबतात. मालात खरोखर दोष असेल, काठ विसविशीत निघाला असेल, तर मात्र ह्या पुराव्यांच्या आड लपू नका, साडी बदलून द्या.

आता सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा पुरावा. पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर लिहा: ‘साडी मिळाली का? पदराचा रंग फोटोसारखाच वाटला ना?’ उत्तर येतं, ‘हो, मिळाली, आईंना फार आवडली.’ ही त्यांच्याच हातची पोच झाली, आणि रंगाबद्दल विचारल्यामुळे दुसऱ्या तक्रारीचं दारही बऱ्यापैकी लागलं. फोन करू नका. फोनवर माया वाढते पण मागे काही उरत नाही. उत्तर आलंच नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तिसऱ्या दिवशी कुरियरला विचारा. खरंच काही घोटाळा झाला असेल तर तो पहिल्या तीन दिवसांत सापडतो. शेजारच्यांनी घेऊन ठेवलेलं असतं, सासूबाईंनी कपाटात टाकलेलं असतं, किंवा मुलगा चुकून शेजारच्या विंगमध्ये देऊन आलेला असतो. माझ्याकडच्या तक्रारींत ठरवून फसवणारे थोडे होते. गोंधळलेलेच जास्त होते.

तिसऱ्या जातीच्या तक्रारीतही हा गोंधळ दिसतो. गिऱ्हाइकाला तुमच्या इन्स्टाग्राम पानाचं नाव माहीत असतं, बँकेच्या कागदावर भलतंच नाव छापून येतं, आणि नवरा विचारतो, ‘हे १६,००० कुठे गेले?’ गेटवेच्या खात्यात जाऊन तिथे दिसणारं नाव दुकानाच्या नावाशी जुळवून घ्या. जुळत नसेल तर ऑर्डरच्या मेसेजमध्येच सांगा की कार्डाच्या बिलावर अमुक नाव दिसेल.

कायद्याचं थोडक्यात. कुणीतरी तुम्हाला सांगेल की १९३० च्या वस्तू विक्री कायद्यातल्या कलम ३९ प्रमाणे वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच. कलम तसं आहे, पण प्रथमदर्शनी तसं मानायचं एवढंच. कार्डाच्या वादात बँक ते बघत नाही, आणि ग्राहक आयोगापुढे घरबसल्या मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘कुरियरला विचारा’ असं सांगून भागत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बंगळूरचा विचार करावा लागेल. तेवढ्यासाठी तरी हे प्रकरण सामोपचाराने मिटलेलं बरं.

ह्यातलं किती करायचं हे तुम्ही काय, कुठे आणि कसं विकता त्यावर आहे. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे देणं हीच पोच, तिथली डोकेदुखी न घेता परत येणाऱ्या पार्सलची. मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल आणि माल तेच उचलत असतील तर डिलिव्हरीचा पुरावा तुमच्या हातात नसतोच, तिथे फक्त पॅकिंगचा व्हिडिओ आणि वजन सांभाळा. ४०० रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप मी करत नाही, सरळ दुसरी पाठवते.

राहिलं तुमचं आत्ताचं. आजच कुरियरला लेखी मेल टाका, एडब्ल्यूबी नंबर (पावतीवरचा ट्रॅकिंगचा नंबर) देऊन पीओडीची प्रत, घेणाऱ्याचं नाव, वेळ, आणि ओटीपी किंवा फोटो असेल तर तोही मागा. काउंटरवर तोंडी विचारू नका. दुसरीकडे त्या बाईंना आवाज न चढवता लिहा: ‘कुरियर म्हणतं अमुक तारखेला इतक्या वाजता अमुक नावाने घेतलं आहे, हे नाव ओळखीचं आहे का? गेटवरचं रजिस्टर एकदा बघाल का?’ साडी सापडली तर त्यांनाच बँकेत तक्रार मागे घ्यायला सांगा, आणि त्यांचा तसा मेसेज गेटवेला पाठवा. गेटवेची मुदत तरीही चुकवू नका, कारण मागे घेतलेली तक्रारही मुदतीत उत्तर गेलं नाही म्हणून तुमच्या विरुद्ध लागल्याचं मी पाहिलंय.

उत्तर एकाच पीडीएफमध्ये, साध्या इंग्रजीत, चार पानांच्या आत. पहिल्या पानावर पाच-सहा ओळी: ऑर्डरची तारीख, रक्कम, पत्ता, पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कोणी घेतलं. पुढच्या पानांवर त्याच क्रमाने बिल, कुरियरची पावती, पीओडी आणि चॅट. प्रत्येक कागदावर ऑर्डर क्रमांक लिहा आणि पत्त्याभोवती लाल चौकट काढा. मराठीत चॅट झालं असेल तर खाली त्याचा इंग्रजी अर्थ द्या. आपण किती वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतो, विणकरांचं पोट त्यावर कसं आहे, हे सगळं खरं असलं तरी तिथे लिहू नका. वाचणारा ते ओलांडून सही शोधतो.

आणि कुरियरने पीओडी दिलीच नाही, किंवा दिलेल्या सहीचं नाव त्या घरातल्या कुणाचंच नसेल, तर माझा सल्ला तुम्हाला जड जाईल. वाद सोडा, पैसे त्यांना जाऊ द्या, आणि त्याच दिवशी कुरियरवर हरवल्याचा दावा लावा. त्या बाई कदाचित अगदी खरं सांगत असतील. दाव्याची मुदत फार थोडी असते, पावतीच्या मागे छापलेली असते. महिना तर आधीच उलटलाय, म्हणून आधी ती पावती काढून बघा आणि मग मेल लिहायला बसा.